भुईखिंडीची सतरा वळणं

"मास्तर, मारा की डबल."

ड्रायव्हर मुजावरमामांनी आरशातून बघत दुसऱ्यांदा म्हटलं, तरी माझा हात घंटीच्या दोरीकडे जाईना. एका हातात तिकिटाचं मशीन आणि दुसऱ्या हातानं दरवाज्याजवळचा उभा दांडा घट्ट धरलेला. गाडी अजून स्टँडातच उभी होती. चाक इंचभरसुद्धा हललं नव्हतं.

"काय झालं ओ?" पुढून परत आवाज आला.

"काही नाही, सुटे बघतेय," मी दडपून खोटं बोलले.

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत आहे. मी बाई असले तरी मामांनी पहिल्या दिवसापासून मला मास्तरच म्हटलं, आणि मलाही ते आवडायचं. अकरा वर्षं मी त्यांच्या गाडीवर होते. सकाळी साडेसहाला डेपोतून वर वाघजाळीला जायचं, तिथं चहा प्यायचा, आणि बाजारची, कॉलेजची माणसं घेऊन खाली यायचं. मध्ये भुईखिंडीचा घाट. सतरा वळणं.

आता तुम्हीच सांगा, कंडक्टरला देवानं हात दिलेत किती? दोन. आणि दोन्ही कामात. एकात मशीन, दुसऱ्यात नोटा. धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून आम्ही पायानं आणि कमरेनं उभं राहतो. सीटच्या कोपऱ्याला कंबर टेकवायची, पाय फाकवायचे, गुडघे ढिले सोडायचे. गाडी जिकडं झुकेल त्याच्या उलट आपण झुकायचं, तेही न ठरवता. अकरा वर्षांत घाटात मी एकदाही पडले नव्हते. नवीन पोरं शिकायला यायची तेव्हा त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "चौगुलेबाई कशा उभ्या राहतात ते बघा." मला त्याचा माज होता. होता तो होता, आता लपवून काय करू?

आणि त्या दिवशी तीच चौगुलेबाई थांबलेल्या गाडीत दांडा धरून उभी होती.

शेवटी दांडा सोडला, दोरी ओढली, टिंग टिंग झालं, आणि लगेच परत दांड्याला मिठी मारली. गाडी हलली तशी माझ्या डोळ्यांपुढचा स्टँड उजवीकडे घसरायला लागला आणि घसरतच राहिला.

कान माझा लहानपणापासून वाहायचा. उजवा. आईनं तेल घातलं, लसणाची पाकळी घातली, कुणी काय सांगेल ते घातलं. पुढं लग्न झालं, नोकरी लागली, तरी कान वाहतोच आहे. कापूस घालायचा आणि कामाला लागायचं. तो जीवावर उठेल असं कोणाला वाटलं होतं? एप्रिलमध्ये स्टँडात उभ्या गाडीतच भोवळ येऊन पडले तेव्हा कोल्हापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आतलं हाड कुजत कुजत तोल सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचलंय, आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही.

ऑपरेशन झालं. कान कोरडा झाला. पण अंथरुणावर उजव्या कुशीवर वळले की अख्खी खोली गरगर फिरायची. छताचा पंखा बंद असला तरी मला फिरताना दिसायचा. संडासापर्यंत जायचं तर भिंत धरून. सगळे म्हणायचे, पडून राहा, हलू नको. हे, म्हणजे माझे मिस्टर, पिठाची गिरण बंद ठेवून माझ्या उशाशी बसायचे. चहा हातात, जेवण हातात, गोळी हातात. मी मान एवढीशीसुद्धा हलवायची नाही. दीड महिना अशी लाकडासारखी पडून होते आणि चक्कर तसूभर कमी झाली नाही.

मग त्याच दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर शर्वाणी भेटल्या. वय असेल पंचविशीचं, पण काय तोंड!

"ताई, तुम्ही दीड महिना काय केलंत?"

"आराम केला."

"म्हणून अशा आहात," ती म्हणाली. "तोल दोन्ही कान मिळून सांभाळतात. गाडीला दोन बैल असतात तसं. तुमच्या उजव्या बैलानं मान टाकलीय, तो काही आता उठायचा नाही. डाव्यानं एकट्यानं गाडी ओढायला शिकायचं आहे. तुम्ही त्याला गोठ्यात बांधून ठेवलाय. तो शिकणार कधी?"

"मग काय करू?"

"ज्यानं चक्कर येते तेच करायचं. रोज, थोडं थोडं. चक्कर आली म्हणजे औषध लागू पडतंय असं समजा."

सर्जनसाहेबांना विचारून तिनं माझी चक्करची गोळी बंद केली. मी म्हटलं, अगं बाई, ही मला मारणार. हे मात्र खूश झाले. "मी हेच म्हणत होतो, जरा उठून बस," म्हणाले. म्हणाले होतेसुद्धा, पण नवऱ्याचं कोण ऐकतं? सोनारानंच कान टोचावे लागतात.

व्यायाम असा: भिंतीवर एक अक्षर लिहिलेला कागद चिकटवायचा, नजर त्यावर ठेवायची आणि मान डावी-उजवी, डावी-उजवी हलवायची. मग वाकळेची चौपदरी घडी करून तिच्यावर उभं राहायचं, डोळे मिटून. हे माझ्यामागे हात पसरून उभे, झेलायला. एके सकाळी मी केस मोकळे सोडून भिंतीपुढं जोरजोरात मान हलवतेय, तेवढ्यात शेजारच्या बायनाकाकू दारात आल्या. बघितलं आणि आल्या पावली परत गेल्या. मी म्हटलं, बरं झालं, गेल्या. तर पाच मिनिटांत हळदकुंकवाचं ताट आणि लिंबाचा डहाळा घेऊन हजर! माझ्या कपाळाला कुंकू फासलं, पायावर डोकं ठेवलं आणि विचारतात, "आई, आमची म्हैस औंदा गाभण ऱ्हाईल का गं?"

ह्यांना हसू आवरेना, मला तोल आवरेना. मी धपकन वाकळेवर बसले. "ऱ्हाईल, ऱ्हाईल," म्हटलं, "पण आता जावा." गंमत म्हणजे म्हैस राहिली गाभण. काकू अजून मला मनातून नमस्कार करतात.

अशी तीन महिने धडपड करून, भिंत न धरता चालायला लागले तेव्हा डेपोत गेले. डेपोचे साहेब माणूस चांगला, पण नियमाचा पक्का. त्यांनी कागद पुढं सरकवला. "चौगुलेबाई, तात्पुरतं घेतो कामावर. दिवाळी झाली की दुसऱ्या सोमवारी पुन्हा तपासणी. डॉक्टरनं फिट लिहिलं तर तुमची गाडी तुम्हाला. नाही लिहिलं तर बिल्ला जमा करायचा."

बिल्ला म्हणजे छातीवरचा कंडक्टरचा पितळी बिल्ला. माझा नंबर होता ३१६. गावात चुलीपुढं बसणारी मालन त्या बिल्ल्यानं चौगुलेबाई झाली होती. तो जमा करायचा म्हणजे परत चुलीपुढं. मी सही केली.

तर ऑगस्टअखेरचा तो पहिला दिवस. घाट लागला तशी मी जीव मुठीत धरला. पण काय सांगू, गाडी हळूहळू, हळूहळू चढली. वळण आलं तरी कळेना. पाऊस होता, धुकं होतं, म्हणून असेल म्हटलं. वर वाघजाळीला पोचलो तर मी उभीच्या उभी!

"मामा, जमलं की ओ!"

"जमनार न्हाई तर काय?" मामांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "मास्तर हाय कुणाचा!"

दुसऱ्या आठवड्यात मी दांडा सोडला. तिसऱ्यात कंबर टेकवून तिकिटं फाडायला लागले. घरी येऊन ह्यांना बढाया. व्यायामाचा कंटाळा यायला लागला. मान हलवणं बंद, वाकळ कपाटात. रोज घाटात उभी राहते, आता भिंतीपुढं कशाला नाचायचं?

गाडीला उशीर मात्र व्हायचा. रोज दहा-बारा मिनिटं. मी विचारलं, तर मामा म्हणाले, रस्ता धुऊन गेलाय. पाऊस सरल्यावर परत विचारलं, तर म्हणाले, "गाडी दमलीया, मास्तर. पिकअप घेत न्हाई. माझ्यागत म्हातारी झाली." मामांना रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं. मी हसले आणि सोडून दिलं. खरं सांगू? मला त्यात खोलात शिरायचंच नव्हतं.

दसऱ्याच्या आधी शर्वाणी डॉक्टरकडे गेले. मोठ्या तोऱ्यात. तिनं मला स्पंजच्या गादीवर डोळे मिटून उभं केलं आणि मी पाच आकडे मोजायच्या आत तिच्या अंगावर कोसळले. मान वळवत चालायला लावलं, तर सरळ जायच्या ऐवजी उजवीकडे भिंतीत.

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुम्ही खरंच रोज घाटात ड्युटी करता?"

"खोटं सांगते का? सव्वा महिना झाला!"

"मग हे असं कसं? घाटातली एसटी म्हणजे माझ्या सगळ्या व्यायामांचा बाप. एव्हाना तुम्ही मला उभं राहून दाखवायला हवं होतं." "रस्ता नवीन झालाय का तुमचा?"

"रस्ता कसला नवीन! खड्डे मोजायला बसलं तर दिवाळी येईल."

परत येताना मी दिवस मोजले. तपासणीला महिना राहिला होता.

त्याचं उत्तर मला पुढच्या गुरुवारी मिळालं. मामा भाचीच्या लग्नाला मिरजेला गेले होते, बदली ड्रायव्हर आला माने म्हणून. जवान पोरगा, हात साफ. वेडंवाकडं काहीच चालवलं नाही त्यानं, हे मी शपथेवर सांगेन. घाटात एसटी जशी चालते तशी चालवली. चढताना मी दांडा सोडलाच नाही. उतरताना गाडी भरलेली, तिकिटं फाडायची होती, दांडा सोडावाच लागला. तिसऱ्या वळणाला माझे पाय कुठं आणि मी कुठं! डोळ्यांपुढं खिडक्या उलट्या झाल्या आणि मी थेट हौसाक्काच्या मांडीवर. मांडीवर तिची पाटी आणि पाटीत बाजारला न्यायची पाच डझन अंडी.

खाकी शर्टावरून पिवळं ओघळत खाली चाललंय, अख्खी गाडी बघतेय, आणि मी उठायला जाते तर परत बसते. लाजेनं मरून गेले.

हौसाक्का म्हणजे वाघजाळीची म्हातारी, सत्तरीची, दर गुरुवारी त्याच सीटवर. मला वाटलं आता माझा उद्धार करणार. तर ती माझा चेहरा पदरानं पुसत म्हणाली, "लागलं न्हाई न्हवं लेकी? अंडी जाऊ देत मसणात. तरी म्या म्हटलंच हुतं, मुजावर न्हाई आज, मालन पडनार."

"म्हणजे?"

"मुजावरची गाडी म्हंजे पालखी बाई. लेकुरवाळीला नेत्यात तशी नेतोय तो तुला. आमी समदी उशिरा पोचतोय, ही पोरं पयल्या तासाला मुकत्यात, पर कोण बोलत न्हाई. तुला सांगायचं न्हाई असं ठरलंतं." मग तिनं जीभ चावली.

मी मागे वळून बघितलं. कॉलेजची पोरं खिडकीबाहेर बघायला लागली. दूधवाले तात्या छत बघायला लागले. सगळ्या गाडीला ठाऊक होतं आणि मला एकटीला नव्हतं.

खाली स्टँडात आल्यावर माने ड्रायव्हरनं राहिलेलं सांगितलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं मला माहीतच आहे. "बाई, मामांना दोन मेमो मिळालेत उशिराबद्दल. साहेबांनी विचारलं तर लिहून दिलं त्यांनी, घाटात मला कमी दिसतंय म्हणून. आता डोळ्यांची तपासणी लागलीय. नापास झाले तर स्टेअरिंग सुटलं बघा. वर्षासाठी काय हे म्हातारपणी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमी दिसतंय? ज्या माणसाला धुक्यात अर्ध्या फर्लांगावरची शेळी दिसते, त्याला?

शुक्रवारी मामा आले. गाडी पालखीसारखी चढत होती. आज मला प्रत्येक वळण समजत होतं. मामा ब्रेक आधीच दाबायचे, मग गिअर, मग स्टेअरिंग असं फिरवायचे की जणू पाण्यानं भरलेली घागर शेजारी ठेवलीय. इतकं सुंदर चालवणं मी जन्मात बघितलं नव्हतं, आणि त्याचाच मला राग येत होता.

वाघजाळीला माणसं उतरली. मामा चहाच्या टपरीकडे निघाले तशी मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मामा, तुमच्या डोळ्यांना काय झालंय?"

"वय झालं, मास्तर."

"वय झालं? त्या समोरच्या डोंगरावर काय चरतंय ते सांगा."

त्यांनी सवयीनं बघितलं. "दोन म्हशी आन् एक रेडकू," म्हणाले, आणि मग कळलं त्यांना आपण काय बोललो ते. खाली बघायला लागले.

"मी तुमच्याकडं भीक मागितली होती का?" मी ओरडले. टपरीवाला हातातली किटली तशीच धरून बघायला लागला. "कुणी सांगितलं होतं मला पालखीत बसवायला? अख्ख्या गाडीला माहिती, मलाच नाही! मी घरी जाऊन फुशारक्या मारतेय, आणि तुम्ही माझ्यापायी खोटं लिहून देताय? उद्या स्टेअरिंग काढून घेतलं म्हणजे?"

मामा दगडावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अकरा वर्सं," ते म्हणाले, "तू पाठीमागं हुभी हायस म्हणून मी पुढं बघून चालवतोय. मागं काय चाललंय, कोण चढलं, कोण लोंबकळतंय, मला कधी बघायला लागलं न्हाई. तू भोवळ येऊन पडलीस न्हवं एप्रिलात, तो आवाज अजून माझ्या कानात हाय. धप्पदिशी. घाटात परत तसा आवाज आला तर माझा पाय कुठं जाईल, पोरी? ब्रेकवर जाईल. आन् पन्नास माणसं हायत गाडीत." त्यांनी गाडीकडं बोट केलं. "मला तुझी दया न्हाई आली. मला भ्या वाटलं."

अकरा वर्षांत ते मला पहिल्यांदाच पोरी म्हणाले. माझा राग गेला नाही, पण रडू आलं. मीही त्यांच्या शेजारी दगडावर बसले.

"मामा, त्या डॉक्टरणीनं सांगितलंय, मला चक्कर येईल तेवढं चांगलं. गाडी हलली, मी पडायला लागले, सावरले, की डोकं शिकतं. तुम्ही गाडी हलूच देत नाही. तुम्ही माझं औषध बंद केलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. "या अल्ला," एवढंच म्हणाले.

"महिना राहिलाय. उद्यापासून पहिल्यासारखी चालवा."

"आन् पडलीस तर?"

"पडले तर उठेन. आधी सांगून पडेन, म्हणजे तुम्ही दचकणार नाही."

त्यांनी टोपीची शिवण चाचपली. मग म्हणाले, "तू सांगू नगंस. मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी घाट लागला. मामांनी गिअर टाकला आणि गाडी पहिल्यासारखी गुरगुरली. पहिल्या वळणाच्या आधी ते मोठ्यांदा ओरडले, "डावं!" मी डावीकडं कंबर रेटली. गाडी वळली, डोळ्यांपुढं झाडं फिरली, पण पाय राहिले. "उजवं!" राहिले. "खड्डा!" गुडघे सोडले. पाचव्या वळणाला पडले, सीटवरच पडले. सगळ्या गाडीनं श्वास धरला. "पडले मामा!" मी ओरडले. "उठा मास्तर!" पुढून आवाज. ब्रेक नाही लागला.

वर पोचल्यावर मी करवंदीच्या जाळीमागं जाऊन सकाळचं सगळं ओकून टाकलं. परत आले तर मामा पाण्याची बाटली घेऊन उभे.

"हळू घेऊ का जरा?"

"घेऊन तर बघा!"

आठवड्याभरात सगळी गाडीच ओरडायला लागली. मामांच्या आधी कॉलेजची पोरं ओरडायची, "बाई, डावं!" तात्या म्हणायचे, "बाई, आता मोठा खड्डा हाय, त्यो आमदाराच्या नावाचा!" हौसाक्कानं आपली पाटी पलीकडच्या बाजूला हलवली आणि स्वतः माझ्या बाजूला बसली. "पडायचं तर हितं पड," मांडी थोपटून म्हणाली. मी दिवसातून दोन-तीनदा पडायचे. घरी आल्यावर वाकळ बाहेर काढली, कागद भिंतीला लागला. बायनाकाकू दाराशी यायच्या आणि हात जोडून मुकाट जायच्या.

दिवाळीत चार दिवस गाडीला तुडुंब गर्दी. पाय ठेवायला जागा नाही, हातात पिशव्या, पोरं रडतायत, कुणाचा फराळाचा डबा सांडलाय. मला कशाचीच शुद्ध नव्हती. तिकिटं, सुटे, पुढं सरका, दरवाजात थांबू नका, माझ्या तोंडाचा पट्टा चालू. पाडवा झाला, भाऊबीज झाली. तपासणीच्या आधीचा शनिवार होता. खाली येऊन घाट संपला, तिथं मामांनी गाडी जरा कडेला घेतली आणि मागं वळले.

"मास्तर, वळणं किती झाली ओ?"

"किती म्हणजे? सतरा. काय विचारता?"

"मी किती सांगितली?"

मी आठवून बघितलं. डावं नाही, उजवं नाही, खड्डा नाही. पोरांकडं बघितलं तर ती दात काढत होती.

"आज कुणीच ओरडलं नाही?"

"आज?" हौसाक्का म्हणाली. "पाडव्यापास्नं कोन ओरडत न्हाई, बाई. तुला सांगायचं न्हाई असं ठरलंतं."

मी दोन सीटच्या मधल्या वाटेत उभी होते. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात कुणाची तरी पन्नासाची नोट, आणि कंबर कुठंच टेकलेली नव्हती. मग मला एवढं रडू आलं की ज्याची नोट होती तो म्हणाला, "बाई, ऱ्हाऊ द्या सुटे."

सोमवारी आम्ही दोघंही कोल्हापूरला गेलो. माझी तोलाची आणि मामांची डोळ्यांची, तपासणी एकाच दिवशी. मला डोळे मिटून उभं केलं, रेघेवरून चालवलं, गरकन वळायला लावलं. वळताना उजवीकडं जराशी झुकले, पण सावरले. डॉक्टरांनी वर न बघताच फिट लिहिलं. मामांनी शेवटच्या ओळीतलं बारीक अक्षरसुद्धा घडाघडा वाचलं. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "अहो, तुम्ही तर कमी दिसतं म्हणून लिहून दिलंय!"

"नजर सुधारली, सायेब," मामा म्हणाले. "हवापालट झाला."

पूर्ण बरी अशी मी कधीच झाले नाही. आज मी स्टँडात कंट्रोलर आहे, खुर्चीवर बसून माइकमधून गाड्या पुकारते. लाइट गेली की अजून भिंत धरते, आणि पुतण्याच्या मुलाला गरगर फिरवायला माझ्याकडं कुणी देत नाही. पण त्यानंतर सहा वर्षं मी घाटात उभी राहिले. पहिलं वर्ष मामांच्या गाडीवर.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, साडेसहाला गाडी लागली. बिल्ला मी रात्री चिंचेनं घासून लखलखीत केला होता. माणसं बसली, दार लावलं. मामांनी आरशातून बघितलं.

"मास्तर, धरलंय न्हवं काहीतरी?"

"हात कुठं मोकळा आहे मामा? दोन्ही कामात आहेत," मी म्हटलं.

एका हातात मशीन होतं आणि दुसऱ्यात दोरी. मी दोन झटके दिले.